एरंडेल : द्यावे केव्हा, टाळावे केव्हा?

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्या लिहितात, "आमच्या सासूबाई घरातल्या लहानथोरांना महिन्यातून एकदा एरंडेल देतात. त्याने कोठा साफ राहतो, असे त्यांचे म्हणणे. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिलाही द्यावे, की नको म्हणून सासूबाईंना दुखवावे?" प्रश्न दोन ओळींचा आहे, पण तो अनेक घरांतला आहे. म्हणून आजचा सगळा लेख त्याच्या उत्तरासाठी राखून ठेवला आहे.

आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीतला एक रविवार ठरलेला एरंडेलाचा असे. आई पहाटेच उठवायची. वाटीत गरम कोरा चहा, त्यावर तरंगणारा तेलाचा जाड तवंग आणि बाजूला मीठ लावलेली लिंबाची फोड. एका हाताने नाक धरायचे आणि दुसऱ्या हाताने वाटी रिकामी करायची. 'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा' हा वाक्प्रचार मराठीत कुठून आला, ते आम्हा भावंडांना कोणी शिकवावे लागले नाही. मग दुपारपर्यंत परसाकडच्या फेऱ्या आणि जेवायला मऊ भात. संध्याकाळी आई समाधानाने म्हणायची, "चला, वर्षाची घाण गेली."

आम्हाला त्याने काही झाले नाही. पण त्यावरून एरंडेल निरुपद्रवी आहे असे मी अनेक वर्षे गृहीत धरले, आणि ते गृहीत एका मुलाच्या जिवावर बेतले. ती हकीगत पुढे सांगतो. आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू.

झाड ओळखीचे, बी घातक

एरंड आपल्या सर्वांच्या ओळखीचा. बांधावर, उकिरड्याशेजारी, पडक्या भिंतीच्या आडोशाला तो आपोआप उगवतो. 'ओसाड गावी एरंड बळी' ही म्हण त्यावरूनच पडली. त्याच्या पानाला हाताच्या बोटांसारखे फाटे असतात, म्हणून संस्कृतात त्याला पंचांगुल म्हणतात. वातावर चालतो म्हणून वातारि हेही त्याचेच नाव. बी तपकिरी, चकचकीत आणि ठिपक्याठिपक्यांचे असते. ते रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडीसारखे दिसते, आणि लॅटिन भाषेत गोचिडीलाच 'रिसिनस' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात या झाडाचे नाव 'रिसिनस कम्युनिस' असे आहे, ते या बियांमुळेच.

बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. जगात एरंडीचे सर्वांत मोठे पीक आपल्या देशात निघते आणि त्यातले बहुतेक गुजरातेत. हे तेल औषधासाठी थोडे आणि कारखान्यांसाठी जास्त वापरले जाते. वंगण, रंग, साबण, प्लॅस्टिक अशा कितीतरी गोष्टींत ते जाते. म्हणूनच पहिली सूचना इथेच करून ठेवतो. यंत्रासाठी किंवा दिव्यासाठी सुट्या डब्यातून विकले जाणारे तेल पोटात घेण्याचे नव्हे. औषध म्हणून घ्यायचे तर औषधी दर्जाचे, सीलबंद बाटलीतले, तारीख पाहूनच घ्यावे.

औषध म्हणून एरंडेल फार जुने आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधल्या इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय ग्रंथात एरंडाचा उल्लेख आहे. आपल्या आयुर्वेदात विरेचनासाठी, आमवातासाठी, कंबरदुखीसाठी ते सांगितले आहे. एरंडेलात परतलेली हिरडा पूड गंधर्व हरीतकी या नावाने आजही दुकानांत मिळते. म्हणजे हे काही अडाणी माणसांचे औषध नव्हे. ते खरेखुरे औषध आहे, आणि खऱ्या औषधाला मात्रा असते, वेळ असते आणि निषेधही असतो.

पोटात गेल्यावर काय होते?

पुष्कळांची समजूत अशी की एरंडेल बुळबुळीत असल्याने आतड्याला वंगण मिळते आणि मळ घसरून बाहेर पडतो. तसे घडत नाही. बाटलीतले एरंडेल स्वतः फारसे काही करीत नाही. ते लहान आतड्यात पोहोचले की पाचक रस त्याचे विघटन करतात आणि त्यातून रिसिनोलिक आम्ल सुटते. एरंडेलातल्या मेदाम्लांत सुमारे ८५ ते ९० टक्के वाटा या एकाच आम्लाचा असतो. ते आतड्याच्या स्नायूंना जोराने आकुंचन पावायला लावते. आतड्यातले पाणी शरीरात शोषले जायचे तेही कमी होते. परिणामी दोन ते सहा तासांत पातळ जुलाब होतात, सोबत पोटात कळाही येतात.

हे नेमके कसे घडते, ते २०१२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. हे आम्ल आतड्याच्या स्नायूंवर असलेल्या ईपी-३ नावाच्या एका ग्राहकाला चिकटते आणि स्नायू आकसतात. तोच ग्राहक गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो. गर्भवतींच्या संदर्भात ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल, म्हणून लक्षात ठेवावी.

सारांश, एरंडेल म्हणजे चाकाच्या आसाला घातलेले वंगण नव्हे, बैलाला टोचलेली पराणी आहे. बैल नुसताच आळसावला असेल तर पराणीने गाडी चालू लागते. पण चाक खड्ड्यात रुतलेले असेल किंवा जूच मोडलेले असेल, आणि आपण ते न पाहता टोचत राहिलो, तर बैल जायबंदी होतो.

मी दिलेला चुकीचा सल्ला

१९९२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा दवाखाना सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. संध्याकाळची गर्दी होती, बाहेर धो धो पाऊस होता. जवळच्या वाडीवरचे एक शेतकरी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आले. आपला नंबर येईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता, कारण शेवटची एस. टी. निघायच्या बेतात होती. दारातूनच म्हणाले, "डाक्टरसाहेब, पोराचं पोट दुखतंया. दोन दिस झालं, परसाकडं न्हाय. म्हातारी म्हणतीया एरंडेल द्या. देऊ का?"

मुलगा बरोबर नव्हता. माझ्यासमोर दुसरा रुग्ण बसला होता, हातात त्याची चिठ्ठी होती. मी मान वर करून म्हणालो, "द्या की दोन चमचे. उद्या नाही उतरलं तर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ओढ्याला पूर आला आणि वाडीचा रस्ता बंद झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी चौघांनी त्या मुलाला बाजेवर घालून आणले. नऊ वर्षांचे पोर. डोळे खोल गेलेले, जीभ सुकलेली, नाडी मोजता येऊ नये इतकी जलद. पोटाला हात लावला तर ते फळीसारखे कडक. आंत्रपुच्छ, म्हणजे ज्याला आपण सर्रास अपेंडिक्स म्हणतो, ते फुटून पू सगळ्या पोटात पसरला होता. सलाईन लावले आणि त्याच गाडीने त्याला जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रियेसाठी पाठवले. मुलगा वाचला. पण त्याला तीन आठवडे खाटेवर काढावे लागले आणि बापाला एक म्हैस विकावी लागली.

त्या बापाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट त्या हिवाळ्यात हुरडा घेऊन आला. तो हुरडा माझ्या घशाखाली उतरेना. आंत्रपुच्छ सुजले ते काही एरंडेलाने नव्हे, ते आधीच सुजलेले होते. पण सुजलेल्या, बंद पडलेल्या आंत्रपुच्छाशेजारी आतडे जोराने पिळवटले तर ते फुटण्याचा धोका वाढतो, हे मला महाविद्यालयात शिकवले गेले होते. पोटदुखीचे कारण कळण्याआधी रेचक देऊ नये, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. दवाखान्याच्या दारात मात्र विसरलो. त्यात एरंडेलाने आधीच आजारी असलेल्या मुलाच्या अंगातले पाणी गेले, आणि 'औषध दिले आहे, उतरेल' या भरवशावर एक दिवस वाया गेला, तो वेगळाच.

त्या दिवसापासून पोट न तपासता मी कोणालाही रेचक सांगितलेले नाही. निरोपावर नाही आणि फोनवर तर नाहीच नाही.

वाचकहो, आंत्रपुच्छाच्या दुखण्याची खूण ध्यानात ठेवा. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली, ओटीपोटाच्या कोपऱ्यात सरकते. भूक मरते, मळमळते, उलटी होते, अंग कोमट लागते. मूल वाकून चालते, उडी मारायला सांगितली तर कळवळते. कधी कधी शौचालाही होत नाही, आणि नेमकी तीच एक गोष्ट घरातल्या मोठ्यांच्या नजरेत भरते. 'कोठा अडलाय' म्हणून एरंडेलाची बाटली काढली जाते. अशा वेळी शौचाला न होणे हा आजार नसतो, आजाराचा परिणाम असतो. आतड्याला पीळ पडला असेल, हर्निया अडकला असेल, तरीही हेच लागू. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वाराही सरत नाही, अशा माणसाला एरंडेल देणे म्हणजे बंद दाराला आतून धडका मारणे होय.

तान्ही बाळे

आपल्याकडे काही घरांत बाळ जन्मले की पहिला मळ पडावा म्हणून एरंडेलाचे बोट चाटवतात, काही ठिकाणी मधात कालवून देतात. पुढे आठवड्याला आंघोळीच्या दिवशी बोंडल्याने किंवा चमच्याने पाजतात. हे पूर्ण बंद करावे, असे मी स्पष्ट सांगतो. त्याला तीन कारणे आहेत.

एक म्हणजे, जाड तेल बाळाला नीट गिळता येत नाही. मांडीवर आडवे धरून, नाक दाबून, रडत असताना तेल घशात ओतले की त्यातले थोडे श्वासनळीत उतरते. पाणी उतरले तर बाळ ठसकून बाहेर टाकते. तेलाने ठसका लागेलच असे नाही. ते गुपचूप फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिथे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो, जो साध्या औषधांनी लवकर हटत नाही. नाकात तेलाचे थेंब सोडण्याच्या चालीतही हाच धोका आहे. दुसरे, बाळाच्या अंगात पाणी मुळात थोडे. मोठ्या माणसाचे चार जुलाब सहज सोसले जातात, बाळाला तेवढ्याने टाळू खोल जाईपर्यंत शोष पडू शकतो. तिसरे, एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे क्वचित पण गंभीर विषबाधा होते.

मग पहिला मळ पडायचा कसा? त्यासाठी निसर्गाने आईच्या अंगावर चीक दिला आहे. पहिल्या तासात बाळाला अंगावर घेतले आणि चीक पाजला की तो आपोआप सौम्य रेचकाचे काम करतो. पुढे महिना-दीड महिन्यानंतर नुसत्या अंगावरच्या दुधावरचे बाळ कधी तीन-चार दिवस शी करत नाही. शी मऊ होत असेल, बाळ हसतखेळत असेल आणि वजन वाढत असेल, तर ते बद्धकोष्ठ नव्हे. मात्र जन्मल्यापासून चोवीस तासांत पहिला मळ पडलाच नाही, किंवा बाळाचे पोट फुगून हिरवी उलटी झाली, तर तो बोटभर एरंडेलाचा नव्हे, तातडीने रुग्णालयात नेण्याचा प्रश्न आहे.

गर्भवती बायका

दिवस भरले, कळा येत नाहीत, म्हणून एरंडेल पाजण्याची चाल आपल्याकडे आहे आणि युरोप-अमेरिकेतही आहे. वर सांगितलेला तो ग्राहक गर्भाशयावरही असतो, तेव्हा या समजुतीला काही आधार आहेच. पण कळा केव्हा, किती जोराने आणि किती वेळ येतील, हे एरंडेलाच्या वाटीवर ठरवता येत नाही. आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल तर जोराच्या कळांनी जुना व्रण उकलण्याची भीती असते. शिवाय जुलाबांनी थकलेली, पाणी कमी पडलेली बाई बाळंतपणाला कशी तोंड देणार? दिवस भरण्याआधी तर एरंडेल मुळीच नको. दिवस उलटले असतील तर रुग्णालयात बाळाचे ठोके पाहत कळा आणता येतात. ते काम घरी करू नये.

रोजची सवय

आता उतारवयातल्या मंडळींकडे वळू. "डॉक्टर, एरंडेल घेतल्याशिवाय होतच नाही," असे सांगणारे आजोबा दर आठवड्याला भेटतात. त्यांचे गणित कुठे चुकते ते सांगतो. एरंडेलाने आतडे पूर्ण रिकामे होते. ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत साहजिकच शौचाला होत नाही. आजोबांना वाटते, पुन्हा कोठा अडला. ते पुन्हा एरंडेल घेतात. असे चक्र सुरू झाले की वर्षानुवर्षे थांबत नाही. वारंवार जुलाबांनी अंगातले पाणी आणि पोटॅशियमसारखे क्षार कमी होतात. पाय गळतात, चक्कर येते, हृदयाचे ठोके चुकू लागतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हा धोका दुप्पट मानावा.

जुलाबांनी माणसाला किती दुबळे करता येते, याचा एक विकृत पुरावा इतिहासात आहे. १९२० च्या दशकात इटलीत मुसोलिनीच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्या आपल्या विरोधकांना धरून जबरदस्तीने एरंडेल पाजत असत. ज्याचा शिक्षा म्हणून वापर झाला, ते आपण आपल्या आतड्याला दर आठवड्याला कशासाठी द्यावे?

जुने बद्धकोष्ठ असेल तर आधी पाणी, पालेभाज्या, फळे, कोंड्यासकट पिठाची भाकरी-पोळी, चालणे आणि सकाळची ठरावीक वेळ, एवढे नेटाने करून पाहावे. त्याने भागले नाही तर इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने लॅक्टुलोजसारखे सौम्य औषध घ्यावे. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली, रक्त पडू लागले, वजन उतरू लागले, तर मात्र घरी काहीही घेत बसू नये. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आधी करावी. अशा रुग्णाचे सहा महिने एरंडेलात गेलेले मी पाहिले आहेत.

बियांपासून दूर

आतापर्यंत तेलाविषयी बोललो. बियांची गोष्ट निराळी आहे. एरंडीच्या बीत रिसिन नावाचे अतिशय जहाल विष असते. ते पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेल काढल्यावर ते पेंडीत राहते. शिवाय उष्णतेने ते नष्ट होते. पूर्वी घरोघरी बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून वरचे तेल काढून घेत. त्या उकळण्यात मोठे शहाणपण होते. आज खत म्हणून विकल्या जाणाऱ्या एरंडी पेंडीच्या पोत्यापाशी जनावर किंवा कुत्रे जाऊ देऊ नये.

याच रिसिनची जगभर चर्चा झाली ती १९७८ च्या सप्टेंबरात. लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेऑर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या मांडीत टाचणीच्या डोक्याएवढी एक गोळी घुसवण्यात आली. चार दिवसांनी तो मरण पावला. त्या गोळीत रिसिन असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे असे कट नसतात, पण खेळणारी मुले असतात. बी अख्खी गिळली तर कठीण सालीमुळे कधी कधी तशीच बाहेर पडते. चावली तर विष सुटते. काही तासांत, कधी दिवसभराने, उलट्या, पोटात कळा, रक्ताचे जुलाब सुरू होतात. पुढे यकृत, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. या विषावर उतारा नाही. फक्त वेळेवर सलाईन आणि देखभाल.

एरंडाचाच नावभाऊ मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत. तो कुंपणाला लावतात. डिझेलला पर्याय म्हणून २००३ नंतर त्याच्या लागवडीचा देशभर गाजावाजा झाला. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत एक मुलगा खातो, दुसऱ्याला देतो आणि संध्याकाळी दहा-वीस मुले उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात येतात, अशा बातम्या आपण वाचतोच. बहुतेक मुले बरी होतात, पण गुरुजींनी आणि पालकांनी ही दोन्ही झाडे मुलांना ओळखून दाखवावीत. कोणी बी खाल्ली असे कळले तर बोटे घालून उलटी काढू नये, दूध-तूप पाजत बसू नये, लक्षणांची वाट पाहू नये. उरलेली बी किंवा फळ बरोबर घेऊन सरळ रुग्णालय गाठावे.

डोळे, बेंबी आणि कातडी

अलीकडे मोबाईलवर चित्रफिती फिरतात. बेंबीत एरंडेलाचे थेंब सोडा, गुडघेदुखी जाईल. डोळ्यांत घाला, चष्मा सुटेल, मोतीबिंदू विरघळेल. बेंबीतून तेल शरीरात पसरायला तिथे काही नळी उरलेली नसते. जन्मानंतर नाळ तुटली की तो रस्ता बंद होतो. डोळ्यांच्या काही औषधांत एरंडेल असते हे खरे. पण ते निर्जंतुक केलेले आणि मोजून मिसळलेले असते. घरच्या बाटलीतले तेल निर्जंतुक नसते. त्याने मोतीबिंदू विरघळत नाही, मात्र डोळे येऊ शकतात. या चित्रफिती म्हणजे निव्वळ एरंडाचे गुऱ्हाळ आहे.

बाहेरून लावायला मात्र एरंडेल चांगले. भेगाळलेल्या टाचा, फुटलेले ओठ, कोरडी कातडी यांवर ते ओलावा धरून ठेवते. एरंडाचे पान शेकून दुखऱ्या सांध्यावर बांधले तर ऊब मिळते आणि बरे वाटते. कातडीवर पुरळ किंवा खाज आली तर बंद करावे, इतकेच.

तर मग घ्यायचे कोणी?

धडधाकट प्रौढ माणूस, पोट दुखत नाही, ताप नाही, उलटी नाही, गर्भ नाही आणि प्रवासात किंवा लग्नकार्यात खाण्याची उलटापालट होऊन दोन-तीन दिवस कोठा अडला आहे, अशाने एखाद्या वेळी घ्यायला हरकत नाही. मात्रा साधारण पंधरा मिलिलिटर. इथे 'चमचा' या शब्दाने घोळ होतो. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा, मोठा चमचा पंधराचा. 'दोन चमचे' म्हणजे एका घरात दहा, तर दुसऱ्या घरात तीस. म्हणून औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण वापरावे. सकाळी घ्यावे, म्हणजे झोपमोड होत नाही. दिवसभर पाणी, ताक, पेज घेत राहावे. जुलाब थांबेनात, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आयुर्वेदिक उपचार म्हणून घ्यायचे तर वैद्यांनी नाडी, कोठा, वय पाहून सांगावे. शेजारणीच्या मात्रेवर घेऊ नये.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींना उत्तर. ताई, चार वर्षांच्या मुलीला महिन्याच्या महिन्याला एरंडेल देण्याची काहीही गरज नाही. आतड्यात वर्षाची घाण साठत नसते. कालचे अन्न आज-उद्या बाहेर पडते, बस्स. मुलीला कोठा जड होण्याचा त्रास असेल तर पपई, पेरू, पालेभाजी, भिजवलेले मनुके आणि पुरेसे पाणी द्या. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना दुखवू नका. त्यांच्या हातून नातीच्या तळपायांना, टाचांना रात्री एरंडेल चोळून घ्या. माया तीच, धोका काही नाही.

आणि कधी मुलीचे पोट दुखू लागले, तर फडताळातली बाटली तशीच राहू द्या. एरंडेल द्यायचे की नाही, हा प्रश्न नंतरचा. पोट का दुखते आहे, हा प्रश्न पहिला. दवाखान्याच्या दारात कोणी डॉक्टर मान वर करून "द्या की दोन चमचे" म्हणाला, तरी त्याला सांगा, "आधी पोटाला हात लावून बघा."